गर्भारपणातील अतिरक्तदाब : परिचर्या व आरोग्यशिक्षण

गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत स्त्रीचा रक्तदाब १४०/९० मिमी. पारा किंवा त्याहून अधिक असल्यास त्या अवस्थेस गर्भारपणातील अतिरक्तदाब असे म्हणतात. यातील पहिला आकडा हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा दाब व दुसरा प्रसरणाच्या वेळचा दाब दर्शवितो. दोहोंपैकी कोणताही एक वाढलेला असला, तरी तो अतिरक्तदाबच समजतात. भीती, श्रम किंवा घाईने केलेला प्रवास यांमुळे रक्तदाब तात्पुरता वाढू शकतो. म्हणून किमान चार तासांच्या अंतराने पुन्हा मोजून निदान निश्चित करतात. मात्र रक्तदाब १६०/११० मिमी. किंवा त्याहून अधिक आढळल्यास ती तातडीची अवस्था असते व चार तास थांबता येत नाही. पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा मोजून उपचारांची व्यवस्था करावी लागते.

जगात सु. १० टक्के गर्भवतींमध्ये हा विकार कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ ते २००९ या काळाविषयीच्या विश्लेषणानुसार एकूण मातामृत्यूंपैकी सु. १४ टक्के मृत्यू अतिरक्तदाबजन्य विकारांमुळे झाले होते. यांतील बहुसंख्य मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. विकाराचा आरंभ बहुधा निर्वेदन असतो. स्त्रीला काहीही त्रास होत नसताना रक्तदाब वाढू लागतो आणि लक्षणे दिसू लागतात तेव्हा हाती थोडाच अवधी उरलेला असतो. यामुळे तो शोधून काढण्याचे काम प्रामुख्याने नियमितपणे रक्तदाब मोजणाऱ्या परिचारिकेवर व आरोग्यसेविकेवर आणि त्या खालोखाल धोक्याची चिन्हे ओळखू शकणाऱ्या स्त्रीवर व तिच्या घरच्या माणसांवर येऊन पडते.

प्रकार : या विकाराचे चार प्रकार मानतात. (१) चिरकारी अतिरक्तदाब : हा गर्भधारणेपूर्वीपासून असतो किंवा पहिल्या वीस आठवड्यांत आढळतो. (२) गर्भारपणजन्य अतिरक्तदाब : हा वीस आठवड्यांनंतर उद्‌भवतो, मूत्रात प्रथिन जात नाही व इतर इंद्रियांत बिघाड नसतो. (३) गर्भाक्षेपपूर्व अवस्था : वैद्यकात प्रीएक्लॅम्पसिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अवस्थेत वीस आठवड्यांनंतर वाढलेल्या रक्तदाबाबरोबर मूत्रातून चोवीस तासांत ३०० मिग्रॅ. किंवा अधिक प्रथिन जाते अथवा मूत्रपिंडे, यकृत, रक्तातील बिंबाणू, मेंदू, फुप्फुसे किंवा वार यांच्या कार्यात बिघाड होतो. (४) चिरकारी अतिरक्तदाबावर उद्‌भवलेली गर्भाक्षेपपूर्व अवस्था. तिसऱ्या वा चौथ्या प्रकारात आचके येऊ लागले म्हणजे त्यास गर्भाक्षेप किंवा एक्लॅम्पसिया म्हणतात. बिंबाणू घटणे, तांबड्या कोशिकांचे विघटन आणि यकृतातील एंझाइमांची वाढ हा त्रिदोषसमूह एकत्र आढळल्यास विकार विशेष गंभीर समजला जातो; १९८२ मध्ये लूइस वाइनस्टाइन यांनी या समूहाला हेल्प हे संक्षिप्त नाव दिले.

सर्वसाधारण गर्भारपणात मधल्या तीन महिन्यांत रक्तदाब काहीसा उतरतो. त्यामुळे ज्या स्त्रीची पहिली तपासणीच पाचव्या-सहाव्या महिन्यात होते, तिचा पूर्वीपासूनचा अतिरक्तदाब झाकला जाण्याचा संभव असतो आणि पुढे तो वाढला, तर जुना कोणता व नवा कोणता हे ठरविणे अवघड होते. पहिल्या तीन महिन्यांतच नोंदणी करण्याचा आग्रह धरला जातो, त्यामागील हे एक महत्त्वाचे कारण आहे.

कारणे : विकाराचे मूळ वारेमध्ये असते. वार रुजत असताना गर्भाशयाच्या भित्तीतील नागमोडी रोहिण्या रुंदावून सैल व्हावयास हव्यात. तसे न झाल्यास वारेला रक्ताचा पुरवठा अपुरा पडतो. अशी वार मातेच्या रक्तात काही प्रथिने जादा प्रमाणात सोडते व ती रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तराला निरोगी राखणाऱ्या घटकांना निष्प्रभ करतात. २००३ मध्ये बॉस्टन येथील अनंत करुमांची व त्यांचे सहकारी यांनी अशा एका प्रथिनाचे कार्य उजेडात आणले. अस्तर बिघडल्यामुळे वाहिन्या आकसतात व गळू लागतात. परिणामी रक्तदाब वाढतो, मूत्रात प्रथिन उतरते, अंगावर सूज येते आणि मेंदू, यकृत व मूत्रपिंडे यांना इजा पोहोचते. पूर्वी रक्तात एखादे विष साठत असावे अशी कल्पना होती व त्यावरून या विकाराला ‘गर्भिणी विषबाधा’ म्हणत. तसे विष न सापडल्यामुळे ती संज्ञा मागे पडली.

पहिलटकरीण, जुळी गर्भधारणा, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, स्थूलता, वयाची पस्तिशी ओलांडल्यानंतरचे गर्भारपण, पूर्वीच्या खेपेस झालेला हाच विकार आणि आई वा बहिणीला तो झाल्याचा इतिहास या बाबींमुळे धोका वाढतो. मानसिक चिंता, पाप-पुण्य, दृष्ट किंवा ग्रहण यांच्याशी त्याचा संबंध नाही.

ऐतिहासिक आढावा : लंडनच्या गाय्‌ज रुग्णालयातील जॉन लीव्हर यांनी १८४३ मध्ये आचके आलेल्या गर्भवतींच्या मूत्रात अल्ब्युमीन असल्याचे दाखवून दिले. सीप्योने रीव्हा-रॉत्ची यांचा दंडाभोवती पट्टा गुंडाळून वापरावयाचा रक्तदाबमापक १८९६ मध्ये आणि निकोलाय कोरोत्कॉव्ह यांची श्रवणनळीने ध्वनी ऐकण्याची पद्धती १९०५ मध्ये पुढे आली. त्यानंतरच आचक्यांच्या अगोदर रक्तदाब वाढतो हे स्पष्ट झाले व प्रसूतिपूर्व तपासणीला निश्चित हेतू मिळाला.

उपचारांच्या इतिहासात परिचर्येला आरंभापासून मोठे स्थान आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियातील स्त्रोगानॉव्ह यांनी तातडीच्या शस्त्रक्रियेऐवजी अंधारी, नि:शब्द खोली, गुंगीची औषधे आणि अखंड देखरेख यांवर भर दिला. भारतात मद्रास येथील कृष्ण मेनन यांनी क्लोरप्रोमाझीन, प्रोमेथाझीन व पेथिडीन यांच्या मिश्रणाची उपचारपद्धती १९६१ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती देशात अनेक वर्षे प्रचारात होती. अमेरिकेत जॅक प्रिचर्ड यांनी मॅग्नेशियम सल्फेटाची मात्रापद्धती बसविली. भारतासह अनेक देशांत घेण्यात आलेल्या व १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आचके पुन्हा येऊ न देण्यात मॅग्नेशियम सल्फेट हे डायाझेपाम व फेनिटॉइन यांच्याहून सरस ठरले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील सु. १०,००० स्त्रियांवरील मॅगपाय चाचणीत गर्भाक्षेपपूर्व अवस्थेत ते दिल्यास आचक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो असे आढळले. स्वस्त, टिकाऊ आणि परिचारिकेला देता येण्याजोगे असे हे औषध असल्याने गर्भाक्षेपाच्या उपचाराची सुरुवात रुग्णालयाच्या दारापर्यंत न थांबता गावातच करणे शक्य झाले.

रक्तदाबाची मोजणी : सर्व निर्णय या एका आकड्यावर अवलंबून असल्याने मोजणी बिनचूक असणे ही परिचर्येची पहिली पायरी होय. स्त्रीने पाच मिनिटे शांत बसून विश्रांती घेतलेली असावी; पाठीला आधार, पाय जमिनीवर टेकलेले आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. पट्टा उघड्या दंडावर बांधतात. तो दंडाच्या मानाने अरुंद असल्यास दाब खोटाच जास्त दिसतो, म्हणून जाड दंडाच्या स्त्रीसाठी मोठा पट्टा ठेवावा लागतो. डाव्या कुशीवर निजलेल्या स्त्रीचा वरच्या बाजूच्या दंडावर घेतलेला दाब प्रत्यक्षाहून कमी भरतो, कारण तो दंड हृदयाच्या पातळीच्या वर गेलेला असतो. कुशीवर निजविल्याने रक्तदाब उतरला असा समज यातूनच होतो व तो घातक ठरू शकतो. प्रसरणाचा दाब ध्वनी पूर्णपणे बंद होतो त्या क्षणी वाचतात. आकडा शून्याने किंवा पाचाने संपेल असा गोळाबेरीज करून लिहू नये. ८८ चे ९० झाल्याने निदान बदलते.

मूत्रपरीक्षेसाठी मधल्या धारेचे मूत्र स्वच्छ बाटलीत घेतात. योनिस्राव किंवा रक्त मिसळल्यास प्रथिन असल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. रंगपट्टीने होणारी ही परीक्षा उपकेंद्रातही एका मिनिटात करता येते. पट्टी उपलब्ध नसल्यास परीक्षानळीतील मूत्राचा वरचा भाग तापवून त्यात सौम्य ॲसिटिक अम्ल घालण्याची जुनी रीत वापरता येते. गढूळपणा टिकून राहिल्यास प्रथिन आहे असे समजतात.

रुग्णालयातील परिचर्या : रक्तदाब मध्यम प्रमाणात वाढलेला असून इतर बिघाड नसल्यास स्त्रीला बाह्यरुग्ण म्हणून सांभाळता येते, मात्र तपासण्या आठवड्यातून एक-दोनदा व्हाव्या लागतात. गर्भाक्षेपपूर्व अवस्थेचे निदान झाल्यास तिला बहुधा रुग्णालयात दाखल करतात. तेथे चार ते सहा तासांनी व विकार तीव्र असल्यास त्याहून वारंवार रक्तदाब मोजणे, रोज वजन करणे, चोवीस तासांत प्यालेले द्रव व झालेले मूत्र यांचा ताळेबंद ठेवणे, गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकणे, गर्भाच्या हालचालींविषयी विचारणे आणि रक्त तपासणीचे नमुने वेळेवर पाठविणे ही परिचारिकेची नित्यकर्मे होत. प्रत्येक मोजणीच्या वेळी डोकेदुखी, दृष्टिदोष व पोटाच्या वरच्या भागातील वेदना यांविषयी नेमके प्रश्न विचारावेत. ‘बरे वाटते ना?’ एवढ्याच प्रश्नाला भिडस्त स्त्री बहुधा होकारार्थी उत्तर देते.

विश्रांती हितकर असली, तरी सक्तीने अंथरुणाला खिळवून ठेवल्याने विकार आटोक्यात येतो असे आढळलेले नाही. उलट, पायांच्या नीलांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. मीठ पूर्णपणे तोडणे आणि सूज उतरविण्यासाठी मूत्रल औषधे देणे हे पूर्वीचे प्रघातही आता सोडून देण्यात आले आहेत.

दाब १६०/११० मिमी.च्या वर गेल्यास मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने अर्ध्या ते एक तासाच्या आत तो उतरविणारे औषध सुरू करावे लागते. लॅबेटालॉल, निफेडिपीन व हायड्रालॅझीन ही यासाठी वापरली जाणारी प्रमुख औषधे होत. लॅबेटालॉल दम्याच्या रुग्णास देत नाहीत. निफेडिपीन गिळावयाचे असते; जिभेखाली फोडल्यास दाब एकदम कोसळून वारेचा रक्तपुरवठा घटू शकतो. नागपूर येथील दोन सार्वजनिक रुग्णालयांत सु. ९०० स्त्रियांवर घेतलेली व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या दृष्टीने महत्त्वाची आहे. निफेडिपीन, लॅबेटालॉल व मेथिलडोपा यांपैकी कोणतेही एक औषध तोंडाने दिले, तरी सु. तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक स्त्रियांचा तीव्र रक्तदाब सहा तासांत आटोक्यात आला. शिरेवाटे औषध देऊन सतत देखरेख ठेवण्याची सोय नसलेल्या ठिकाणी गोळ्यांवरही भिस्त ठेवता येते, हे त्यातून सिद्ध झाले. अतिरक्तदाबाची एनालाप्रिल, लोसार्टन यांसारखी काही औषधे गर्भाला अपायकारक असल्याने आधीपासून गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने दिवस राहताच त्या बदलून घ्यावयास हव्यात. मात्र स्वतःच्या मनाने त्या एकाएकी बंद करू नयेत.

मॅग्नेशियम सल्फेट देताना घ्यावयाची काळजी : प्रिचर्ड पद्धतीत आरंभी ४ ग्रॅ. औषध शिरेवाटे सावकाश आणि १० ग्रॅ. दोन्ही कुल्ल्यांच्या स्नायूंत निम्मे-निम्मे देतात. त्यानंतर दर चार तासांनी ५ ग्रॅ. आलटून पालटून एकेका बाजूस देतात. प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या आचक्यानंतर, यांपैकी जे उशिरा घडेल तेथून चोवीस तास उपचार चालू ठेवतात. हे औषध मूत्रावाटे शरीराबाहेर पडते. मूत्र कमी झाल्यास ते रक्तात साचते व प्रथम गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी होते, नंतर श्वसन मंदावते आणि अखेर हृदय थांबते. हा क्रम ठरलेला असल्याने प्रत्येक मात्रेपूर्वी तीन गोष्टी पाहतात : गुडघ्यावर हातोडीने टिचकी मारल्यास पाय उडतो का, श्वसनाचा वेग मिनिटाला किमान १६ आहे का आणि मागील चार तासांत किमान १०० मिलि. मूत्र झाले आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असल्यास पुढची मात्रा रोखून वैद्यांना कळवितात. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटाचे १० टक्के विद्रावाचे १० मिलि. इंजेक्शन खाटेजवळ तयार ठेवतात. औषध देताना अंगात ऊब पसरल्यासारखे वाटते हे स्त्रीला आधी सांगितल्यास ती घाबरत नाही.

आचके येत असतानाची परिचर्या : चेहऱ्याचे स्नायू फुरफुरणे, मग सर्व शरीर ताठ होऊन श्वास कोंडणे, त्यानंतर सु. एक मिनिट हातपाय झटकले जाणे व शेवटी बेशुद्धी, असा आचक्याचा क्रम असतो. परिचारिकेने स्त्रीला सोडून न जाता हाक मारून मदत बोलवावी. स्त्रीला डाव्या कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ व ओकारी श्वासनलिकेत न जाता बाहेर पडते आणि मोठ्या नीलेवरील गर्भाशयाचा भारही हलका होतो. खाटेचे कठडे वर करावेत, तोंडातील स्राव शोषून घ्यावा व ऑक्सिजन द्यावा. हातपाय जोराने दाबून धरू नयेत आणि दातखिळीत चमचा किंवा बोट घालू नये; त्यामुळे दात मोडतात, जीभ फाटते, पण आचका थांबत नाही. आचका केव्हा आला व किती वेळ टिकला हे लिहून ठेवावे. शिरेवाटे द्यावयाचे द्रव मर्यादित ठेवतात, कारण गळक्या वाहिन्यांमुळे ते फुप्फुसांत उतरते. रुग्ण स्थिर झाल्यावर प्रसूती करणे हाच विकाराचा निर्णायक उपचार होय. मात्र आचका येऊन गेला म्हणजे शस्त्रक्रिया अटळच असते असे नाही.

भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार साहाय्यक परिचारिका-प्रसविकेलाही मॅग्नेशियम सल्फेटाची पहिली मात्रा, म्हणजे प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅ. याप्रमाणे १० ग्रॅ., देऊन स्त्रीला पुढे पाठविता येते. औषध न देता केवळ वाहन शोधण्यात घालविलेला वेळ हा अशा प्रसंगी सर्वांत महाग पडतो. बरोबर कोणते औषध, किती व केव्हा दिले याची चिठ्ठी पाठविणे अत्यावश्यक असते, अन्यथा मोठ्या रुग्णालयात तीच मात्रा पुन्हा दिली जाण्याचा धोका संभवतो.

प्रसूतीची वेळ : गंभीर बिघाड नसलेल्या गर्भाक्षेपपूर्व अवस्थेत ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर आणि गंभीर अवस्थेत सामान्यतः ३४ आठवड्यांनंतर प्रसूती घडवून आणतात, मातेच्या जिवाला धोका असल्यास त्याहूनही आधी तो निर्णय घ्यावा लागतो. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाची फुप्फुसे पक्व व्हावीत म्हणून मातेला डेक्सामेथासोनाच्या ६ मिग्रॅ.च्या चार मात्रा बारा-बारा तासांनी देतात. वार पडल्यानंतरचा रक्तस्राव आवरण्यासाठी ऑक्सिटोसीन वापरतात. मेथिलअर्गोमेट्रीन रक्तदाब झपाट्याने वाढविते, म्हणून ते टाळतात.

प्रसूतीनंतरची काळजी : वार बाहेर पडली म्हणजे धोका संपला, हा समज अपुरा आहे. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तदाब पुन्हा चढतो आणि नेमक्या याच सुमारास बहुतेक बाळंतिणी घरी परतलेल्या असतात. प्रसूतीनंतरचे आचके बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. पण ते काही आठवड्यांपर्यंतही येऊ शकतात. म्हणून घरी पाठविताना गोळ्या, पुढील मोजणीची तारीख आणि धोक्याची चिन्हे या तिन्ही गोष्टी लिहून देतात. ओल्या बाळंतिणीची डोकेदुखी वारा लागल्याने किंवा जागरणाने झाली असे गृहीत धरू नये. लॅबेटालॉल, निफेडिपीन व एनालाप्रिल ही औषधे घेत असताना बाळाला अंगावर पाजता येते. बारा आठवड्यांनंतरही दाब चढा राहिल्यास चिरकारी अतिरक्तदाब असल्याचे समजून उपचार करतात.

आरोग्यशिक्षण : या विकारात शिक्षणाचे काम केवळ माहिती देण्याचे नसून लक्षणांचा अर्थ बदलण्याचे असते. महाराष्ट्रात डोके ठणकणे, मळमळून उलटी होणे आणि छातीखालच्या खड्ड्यात दुखणे ही तिन्ही लक्षणे सर्रास ‘पित्ता’ची मानली जातात व त्यांवर आमसुलाचे सार किंवा दुकानातून आणलेली गोळी असे घरगुती उपाय होतात. सातव्या महिन्यानंतर हीच तीन लक्षणे मेंदूवरील व यकृतावरील ताणाची सूचक असू शकतात. म्हणून ‘सातव्यानंतरचे पित्त म्हणजे आधी रक्तदाब मोजावयाचा’ अशा थेट शब्दांत सांगितलेले स्मरणात राहते. डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा अंधारी येणे, चेहरा व हात अचानक सुजणे, अंगठी बोटात रुतणे, लघवी कमी होणे, दम लागणे, बाळाची हालचाल मंदावणे व अंगावरून रक्त जाणे ही धोक्याची इतर चिन्हे होत. संध्याकाळी पायांवर येणारी व सकाळी उतरणारी सूज बहुधा निरुपद्रवी असते; उलट, सूज अजिबात नसतानाही विकार असू शकतो. त्यामुळे सुजेवरून रक्तदाबाचा अंदाज बांधता येत नाही.

आचक्यांना बाहेरची बाधा किंवा अंगात येणे समजून देवऋषीकडे नेणे, कांदा अथवा चप्पल हुंगविणे यांत वेळ जातो. अशा वेळी घरच्यांना दोष न देता त्यांच्या हातांना योग्य काम देणे अधिक परिणामकारक ठरते : एकाने स्त्रीला कुशीवर वळवून धरावे, दुसऱ्याने १०८ किंवा १०२ क्रमांकावर वाहन मागवावे, तिसऱ्याने तपासणीचे कार्ड बरोबर घ्यावे. निर्णय बहुधा सासू व पती घेत असल्याने समुपदेशनात त्यांना सामील करून घेणे आवश्यक असते.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेकडे या संदर्भात विशेष लक्ष द्यावे लागते. विकार पहिलटकरणीत अधिक व शेवटच्या तीन महिन्यांत तीव्र असतो. आणि नेमकी पहिलटकरीणच सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाल्यावर माहेरी जाते. सासरच्या उपकेंद्रातील नोंदी मागे राहतात, माहेरच्या आरोग्यसेविकेला तिच्या येण्याची वार्ता नसते आणि सर्वांत जोखमीचे आठवडे मोजणीवाचून निघून जातात. यावर उपाय साधा आहे : माता व बाल संरक्षण कार्ड ओटीच्या सामानाबरोबरच बांधावे, माहेरी पोहोचताच पहिल्या आठवड्यात तेथील आशा स्वयंसेविकेकडे नाव नोंदवावे आणि सासरच्या सेविकेने गावाचे नाव विचारून तिकडे कळवावे. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास स्थलांतर करणाऱ्या गर्भवतींच्या बाबतीतही हीच अडचण असते. त्यांच्यासाठी कार्ड हाच एकमेव चालता-बोलता अभिलेख असतो.

प्रतिबंध : कॅल्शियमाचे प्रमाण कमी असलेल्या आहारामुळे धोका वाढतो. भारतात २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियमाच्या ५०० मिग्रॅ.च्या दोन गोळ्या रोज देतात. त्या जेवणाबरोबर घ्याव्यात, पण लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नयेत, कारण कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर असावे. नाचणीच्या १०० ग्रॅ. पिठात सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते, दूध, दही, तीळ व हिरव्या पालेभाज्या यांतूनही ते मिळते. लोणची, पापड यांचा अतिरेक टाळावा. मात्र अळणी जेवणाची गरज नसते व त्यामुळे अन्न कमी जाऊन अपायच होतो. विशेष धोका असलेल्या स्त्रियांना वैद्यांच्या सल्ल्याने सोळा आठवड्यांपूर्वी ७५ ते १५० मिग्रॅ. ॲस्पिरीन रोज सुरू करतात. यातील १५० मिग्रॅ. मात्रेमुळे मुदतपूर्व प्रसूती करावी लागणाऱ्या गर्भाक्षेपपूर्व अवस्थेचे प्रमाण घटते असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले.

गावातील आरोग्य व पोषण दिन, २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातील तपासणी आणि २०११ पासूनच्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमातील मोफत वाहन, औषधे व प्रसूती या सोयींची माहिती देणे हाही आरोग्यशिक्षणाचा भाग होय.

दूरगामी परिणाम : गर्भाक्षेपपूर्व अवस्था होऊन गेलेल्या स्त्रीला पुढील खेपेस ती पुन्हा होण्याचा संभव सहा-सात जणींत एकीला, एवढा असतो. अशा स्त्रियांना उत्तरायुष्यात अतिरक्तदाब, हृद्‌रोग व पक्षाघात यांचा धोका इतरांच्या मानाने सु. दुप्पट किंवा अधिक असतो. म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब मोजणे, वजन आटोक्यात ठेवणे व तंबाखू-मिश्री सोडणे यांविषयी तिला सल्ला देतात. रक्तदाब चढा असेपर्यंत इस्ट्रोजेनयुक्त संततिप्रतिबंधक गोळ्या टाळून तांबी किंवा अन्य साधन सुचवितात व पुढील गर्भधारणा लांबवितात. पुढे दिवस राहिल्यास पहिल्या तपासणीतच हा पूर्वेतिहास सांगावयाचा असतो. कारण बाळंतपणाचे कागद हरवले, तरी स्त्रीला स्वतःच्या आजाराचे नाव ठाऊक असेल, तर वेळेवर उपचार सुरू करता येतात.